फिनलंडकडून काय शिकायचं हे ठरवण्याआधी

युरोपातल्या वेगवेगळ्या भाषांत पहिलीची मुलं वर्षाअखेरीला किती वाचू शकतात, याची एक तुलना 2003 साली प्रसिद्ध झाली. मुलांपुढे ओळखीच्या, सोप्या शब्दांची यादी ठेवली होती. फिनलंडच्या मुलांनी शंभरातले सुमारे 98 शब्द बरोबर वाचले. स्कॉटलंडमध्ये इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांनी वाचले सुमारे 34. त्यातही स्कॉटलंडची मुलं पाचव्या वर्षी शाळेत जातात आणि फिनलंडची सातव्या.

एवढं कानावर पडलं की पहिला निष्कर्ष तोंडावरच येतो: मुलांना शाळेत घालायची घाई नको, सातव्या वर्षीच घालावं. दुसरा म्हणतो, फिनलंडचे शिक्षकच चांगले. पण त्याच तक्त्यात डेन्मार्कची एक ओळ आहे. डॅनिश मुलंही सातव्या वर्षीच शाळेत जातात, आणि त्यांनी वाचले सुमारे 71 शब्द. जर्मन मुलं सहाव्या वर्षी जातात, तरी ती फिनलंडच्या बरोबरीने 98 च्या आसपास. म्हणजे वयाने कोडं सुटत नाही. ते सुटतं लेखनपद्धतीने. फिनिशमध्ये जवळजवळ एका अक्षराला एक आवाज आहे. मूल एकदा अक्षरं शिकलं की कुठलाही शब्द वाचू शकतं. इंग्रजीत 'ओ-यू-जी-एच' ही चार अक्षरं 'थ्रू', 'टफ', 'दो' आणि 'कफ' या चार शब्दांत चार वेगळे आवाज काढतात. डॅनिशमध्येही लिहिलेलं आणि बोललेलं यात बरंच अंतर आहे. मोजलं मुलांचं वाचन, आणि आकड्यात मात्र मुख्यतः भाषेचं स्पेलिंग उतरलं.

देशादेशांच्या शिक्षणाची तुलना करताना होणारी बहुतेक चूक याच जातीची असते. दोन आकडे शेजारी ठेवले जातात, ते आकडे कुठल्या मापाने आले हे पाहिलं जात नाही, आणि मधल्या फरकाचं श्रेय डोळ्यांना सगळ्यात आधी दिसणाऱ्या गोष्टीला मिळतं. तुलनात्मक शिक्षण या क्षेत्रातले अभ्यासक गेली काही दशकं आपल्याच पद्धती पुन्हा तपासत आहेत, त्याचं मूळ इथे आहे.

हा विषय तसा जुना. फ्रान्समध्ये मार्क-आंत्वान जुलियाँ यांनी 1817 सालीच देशोदेशीच्या शाळांना पाठवायची प्रश्नावली तयार केली होती. सगळीकडची माहिती एकाच साच्यात भरून तक्ते करायचे, म्हणजे उत्तम पद्धत आपोआप दिसेल, ही त्यामागची आशा. 1900 साली इंग्लंडमध्ये गिल्डफर्ड इथल्या व्याख्यानात शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलर यांनी या आशेला लगाम घातला. बागेत फिरणारं मूल या झुडपाचं फूल आणि त्या झुडपाचं पान तोडतं, ते घरी नेऊन मातीत खोचतं आणि त्याची बाग होईल असं समजतं. परक्या देशांच्या शिक्षणव्यवस्थांशी तसं वागता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. शाळेच्या आत जे घडतं त्याचा अर्थ शाळेबाहेरच्या गोष्टी ठरवतात, हेही त्यांनी त्याच व्याख्यानात सांगितलं. सव्वाशे वर्षं झाली. तक्ते मोठे झाले, फुलं तोडणं थांबलेलं नाही.

क्रमवारीच्या आत काय असतं

आज सगळ्यात जास्त बातम्या होतात त्या 'पिसा' या परीक्षेच्या. मुख्यतः विकसित देशांची ओईसीडी ही संस्था 2000 सालापासून वाचन, गणित आणि विज्ञानात ती घेते. परीक्षा इयत्तेवर नाही, वयावर असते: वय 15 वर्षं 3 महिने ते 16 वर्षं 2 महिने, आणि मूल किमान सातवीत असलं पाहिजे. प्रत्येक देशातून आधी किमान 150 शाळा निवडतात, मग प्रत्येक शाळेतून संगणकावरची परीक्षा असेल तर साधारण 42 मुलं. दोन तासांत सगळे प्रश्न कुणालाच सोडवायला देत नाहीत. वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळे संच मिळतात. त्यामुळे एका मुलाचे 'मार्क' अशी गोष्ट पिसामध्ये नसतेच. त्या मुलाचे गुण किती असू शकतील याचे अनेक अंदाज काढलेले असतात: आधी पाच, 2015 पासून दहा.

पिसाची माहिती उतरवून घेऊन काम करणारे नवे संशोधक पहिल्यांदा इथेच अडखळतात. दहा अंदाजांची सरासरी काढून तिलाच मुलाचे गुण समजायचे आणि पुढे जायचं, हे सोपं वाटतं. पण तसं केलं की अनिश्चितता नाहीशी झाल्यासारखी दिसते, आणि किरकोळ फरकही ठाम वाटू लागतो. बरोबर रीत अशी: अख्खं विश्लेषण दहा अंदाजांवर दहा वेळा करायचं, मग दहा निकालांची सरासरी काढायची, आणि त्या दहांमध्ये आपापसात किती फरक पडला तो त्रुटीत, म्हणजे अनिश्चिततेच्या आकड्यात, मिळवायचा.

क्रमांकांचंही तसंच. समजा 'अ' देशाची सरासरी 500, 'ब' देशाची 506, आणि दोन्हींची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुना घेतल्यामुळे सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते त्याचं माप, 3 आहे. फरकाची त्रुटी काढायला 3 चा वर्ग अधिक 3 चा वर्ग, म्हणजे 18, आणि त्याचं वर्गमूळ 4.2. 95 टक्के खात्रीसाठी त्याला 1.96 ने गुणलं की 8.3 येतात. फरक 6 चा, म्हणजे 8.3 पेक्षा कमी. हे दोन देश वेगळे आहेत असं म्हणायला आधार नाही. वर्तमानपत्रात मात्र एक सतरावा आणि दुसरा एकविसावा असतो, आणि त्या चार पायऱ्यांवर अग्रलेख लिहिले जातात.

याहून मोठा प्रश्न: परीक्षेला बसलं कोण? 2012 साली व्हिएतनामला गणितात 511 गुण मिळाले. ब्रिटनला 494 आणि अमेरिकेला 481 होते. व्हिएतनामच्या शिक्षकांचं आणि मुलांच्या मेहनतीचं कौतुक झालं, आणि ते वाजवीच होतं. पण त्या फेरीत व्हिएतनामच्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 56 टक्केच परीक्षेच्या कक्षेत येत होती. उरलेल्यांतली बहुतेक शाळेच्या बाहेर पडलेली होती. जी मुलं शाळेत टिकली त्यांची सरासरी ही त्या वयाच्या सगळ्या मुलांची सरासरी नसते. म्हणून पिसाचा कुठलाही तक्ता हातात आला की गुणांच्या आधी व्याप्तीचा रकाना वाचायचा. तो अहवालाच्या परिशिष्टात असतो, पहिल्या पानावर नसतो.

वयावर आधारलेल्या परीक्षेत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: मुलाचं वय कागदावर बरोबर आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे 1 जून आठवेल. गावोगावच्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख गुरुजींनी दाखल्यावर 1 जून घातली, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आता जन्मनोंद पुष्कळ सुधारली आहे, पण जुन्या माहितीवर काम करताना, आणि नोंदणी अजून अपुरी असलेल्या देशांत, वयाच्या आलेखात एखाद्या तारखेवर असा उंचवटा दिसला तर तिथेच थांबायचं.

भारताचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. 2009 च्या फेरीच्या पुरवणीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं सहभागी झाली. वाचनात तामिळनाडूला 337 आणि हिमाचलला 317 गुण मिळाले. विकसित देशांची सरासरी 500 च्या जवळ होती. 74 सहभागींमध्ये दोन्ही राज्यं तळाशी होती. 'भारत शेवटून दुसरा' असे मथळे आले. परीक्षा दोन राज्यांची होती आणि नाव लागलं देशाचं. उलट बाजूने, प्रश्न आपल्या मुलांच्या जीवनाशी जुळणारे नव्हते, असं कारण सरकारी पातळीवर दिलं गेलं, आणि पुढच्या फेऱ्यांत भारत उतरला नाही.

हा आक्षेप तपासता येण्यासारखा आहे, आणि तो तपासून मांडला असता तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. रीत अवघड नाही. दोन ठिकाणची अशी मुलं घ्यायची, ज्यांचे एकूण गुण सारखे आहेत. मग एकेक प्रश्न पाहायचा. एकूण कुवत सारखी असूनही एखादा प्रश्न एका ठिकाणच्या मुलांना सतत जड जात असेल, तर तो प्रश्न कुवतीव्यतिरिक्त दुसरं काहीतरी मोजतो आहे: ओळखीचा नसलेला संदर्भ, वाकडं भाषांतर, न पाहिलेली वस्तू. असे प्रश्न वगळून गुण पुन्हा काढायचे. फरक मिटला तर आक्षेप खरा. फरक तसाच राहिला तर मुलांना खरंच वाचता येत नाही, आणि संस्कृतीचं नाव पुढे करून ते झाकणं हा त्या मुलांवरच अन्याय.

एक मिनिट, किती शब्द?

लहान मुलांच्या वाचनासाठी जगभर वापरलं जाणारं माप म्हणजे मिनिटाला किती शब्द. अनेक गरीब देशांत मिनिटाला 45 शब्दांचा निकष लावला गेला. मराठी लिहिणाऱ्या कुणालाही या मापातली गडबड एका वाक्यात दाखवता येईल.

मराठीत: 'आईने घराजवळच्या दुकानातून मुलांसाठी खाऊ आणला.' शब्द सहा. अक्षरं मोजा, जोडाक्षर एक धरून: 23.

हिंदीत तेच: 'माँ घर के पास वाली दुकान से बच्चों के लिए मिठाई लाई।' शब्द बारा. अक्षरं 22.

लिपी एकच, अर्थ जवळपास तोच, डोळ्यांना पार करावी लागणारी अक्षरंही तेवढीच. पण मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात, हिंदीत ते सुटे लिहितात. मिनिटाला 60 अक्षरं वाचणारी दोन मुलं घेतली, तर या वाक्याच्या हिशेबाने मराठी मुलाचा वेग होतो साधारण 16 शब्द आणि हिंदी मुलाचा 33. तक्त्यात महाराष्ट्राचं मूल निम्म्या वेगाचं दिसेल, आणि त्यावरून कुणीतरी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रमही काढेल.

यावर उपाय म्हणून शब्दांऐवजी अक्षरं मोजता येतात, किंवा प्रत्येक भाषेचा निकष वेगळा ठरवता येतो. एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेने 2022 साली तिसरीच्या मुलांचा जो पायाभूत अध्ययन अभ्यास केला, त्यात 20 भाषांसाठी वेगवेगळे निकष काढले. हे योग्य पाऊल होतं. पण त्यातून पुढचं पथ्य निघतं: वेगळ्या निकषांवर काढलेली टक्केवारी पुन्हा राज्यांच्या एकाच क्रमवारीत ओतायची नाही.

लिपीचा दुसरा परिणाम वेळेवर होतो. रोमन लिपीत मुलाला 26 चिन्हं ओळखायची असतात. आपल्याकडे बाराखडीच चारशेच्या वर जाते, शिवाय जोडाक्षरं. कन्नडमधल्या अभ्यासात दिसलं आहे की अक्षरांवर पूर्ण पकड यायला चौथी-पाचवीपर्यंत वेळ लागतो. म्हणून 'दुसरीच्या अखेरीला अस्खलित वाचन' हा दुसऱ्या लिपीवरून उचललेला टप्पा आपल्या मुलांना लावताना तो कुठून आला हे विचारायलाच हवं.

संख्यांचंही असंच. मराठीत 25 म्हणजे पंचवीस, पाच आधी, जर्मनमध्येही तसंच. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये वीस आधी. ऐकलेली संख्या अंकांत लिहा, हा प्रश्न चारही भाषांत सारखा अवघड नसतो. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात भाषेच्या अस्मितेवर भरपूर बोललं गेलं. कुठल्या मुलांची कुठली चूक त्याने कमी होईल, हे मोजण्याबद्दल फार थोडं.

देश नावाचा डबा

दोनशे वर्षं या क्षेत्रात तुलनेचं एकक म्हणजे देश. नकाशावर सोयीचं, आकडेवारीही देशवार मिळते. पण देशाच्या आत जे फरक असतात ते बऱ्याचदा दोन देशांमधल्या फरकापेक्षा मोठे असतात. 1995 साली मार्क ब्रे आणि मरे थॉमस यांनी एका घनाची कल्पना मांडली. त्याच्या एका बाजूवर जागेच्या सात पातळ्या: जगाचे विभाग, देश, राज्य, जिल्हा, शाळा, वर्ग, व्यक्ती. दुसऱ्या बाजूवर समाजगट. तिसऱ्यावर शिक्षणाची अंगं: अभ्यासक्रम, खर्च, अध्यापन वगैरे. अभ्यास या घनातल्या कुठल्या खणात बसतो हे आधी सांगायचं, आणि एका खणातला निष्कर्ष दुसऱ्या खणात विचारल्याशिवाय न्यायचा नाही.

2017 साली लेस्ली बार्टलेट आणि फ्रान्सिस वावरस यांनी त्यापुढे जाऊन तीन दिशा सुचवल्या. आडवी दिशा: एकच धोरण वेगवेगळ्या ठिकाणी कसं दिसतं. उभी दिशा: तेच धोरण राजधानीपासून वर्गाच्या फळ्यापर्यंत उतरताना कसं बदलतं. आणि तिसरी, काळाची: ही परिस्थिती घडली कशी.

हे कागदावर कोरडं वाटतं. म्हणून चोर्ला घाटाच्या आसपासचा मुलूख घ्या. चंदगड तालुका महाराष्ट्रात, खानापूर कर्नाटकात, सत्तरी गोव्यात. तिन्हीकडे मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळा आहेत. पाऊस तोच, जंगल तेच, सोयरीकही सीमा ओलांडून. आणि शिक्षणव्यवस्था तीन. शिक्षणाची तुलना करू पाहणाऱ्याला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आडव्या दिशेने तिन्हीकडचे तिसरीचे वर्ग पाहायचे: पुस्तक कुठलं, कन्नड किंवा इंग्रजी केव्हापासून, एका शिक्षकाकडे किती इयत्ता. कर्नाटकात 2015 च्या कायद्याने कन्नड शिकणं सक्तीचं झालं, महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने मराठी. खानापूरच्या मुलाच्या आठवड्यात मराठीला किती तासिका उरतात हे वेळापत्रकावरून नाही, प्रत्यक्ष वर्गात बसून मोजायचं. उभ्या दिशेने पाहिलं तर चंदगडची शाळा जिल्हा परिषदेची, वर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी. गोव्याची शाळा शिक्षण संचालनालयाची. खानापूरची कर्नाटकाच्या शिक्षण खात्याची. एकाच विषयावरचं परिपत्रक तिन्ही वाटांनी वर्गापर्यंत पोचायला किती दिवस लागले आणि पोचलं तेव्हा त्यातलं काय उरलं, हे विचारायचं.

काळाची दिशा इथे फार बोलकी आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत चंदगड हा बेळगाव जिल्ह्याचाच तालुका होता. राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि एकटं चंदगड मुंबई राज्यात राहिलं. सत्तरीत पोर्तुगीज सत्ता 1961 पर्यंत. म्हणजे चंदगड आणि खानापूर यांच्या शाळांतला आजचा फरक शोधायला सुरुवातीचा बिंदू एकच मिळतो. असा योग संशोधनात क्वचितच येतो.

चुका कुठे होतात, तेही इथेच दिसतं. पहिली: 'तिन्हीकडे मराठी' हे शाळेच्या पाटीवर खरं, घरात नाही. सत्तरीत अनेक घरांत कोकणी, चंदगडची बोली वेगळी, खानापुरात काही मुलांच्या कानावर कन्नडही रोज पडते. म्हणून मूल आजीशी कुठल्या भाषेत बोलतं हा प्रश्न माध्यमाच्या रकान्यापासून वेगळा ठेवायचा. दुसरी: शाळा तिन्हीकडे एकाच दिवशी सुरू होत नाहीत. चाचणी एकाच तारखेला घेतली की समानता साधली असं वाटतं, पण एकीकडे मुलांचे जास्त दिवस भरलेले असतात. तारीख नाही, प्रत्यक्ष अध्यापनाचे दिवस जुळवायचे. तिसरी: जुलैत जाऊ नये. ओढे भरले की वाड्यावस्त्यांवरची मुलं येत नाहीत, आणि नेमकी तीच मोजायची असतात. प्रत्येक तालुक्यात सहा शाळा, तीन रस्त्यालगत आणि तीन आतल्या, आणि प्रत्येक शाळेला वर्षातून तीन भेटी, एवढ्यात एक माणूस नीट काम करू शकतो. पन्नास शाळांचा हट्ट धरला की प्रत्येक शाळेत एक तास मिळतो, आणि त्या तासात पाहुण्यांसाठी तयार केलेला पाठ दिसतो.

प्रश्नपत्रिका आणि घरातली पुस्तकं

भाषांतराबद्दल थोडं. पूर्वी उलट भाषांतरावर भरवसा होता: इंग्रजीचं मराठी, मग दुसऱ्याकडून त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी, आणि दोन इंग्रजी जुळल्या की झालं. यात शब्दाला शब्द लावणारं वाईट मराठीच सगळ्यात छान जुळतं. पिसामध्ये आता इंग्रजी आणि फ्रेंच असे दोन मूळ मसुदे देतात, दोघे स्वतंत्रपणे भाषांतर करतात आणि तिसरा त्यातून एक पाठ ठरवतो. तरीही स्थानिक मुलांना मोठ्याने वाचायला लावून 'यात तुला काय करायला सांगितलंय?' हे विचारल्याशिवाय प्रश्न पक्का करू नये. हिंदीतून मराठी करताना तर डोळ्यांत तेल घालावं लागतं. हिंदीत 'वर्ग' म्हणजे चौरस. मराठी मुलाला 'एका वर्गाची बाजू 4 सेंमी' असं विचारलं तर ते फळ्याकडे आणि भिंतीकडे बघेल.

घरची परिस्थिती मोजायला घरात पुस्तकं किती, हा प्रश्न बऱ्याच आंतरराष्ट्रीय चाचण्यांत असतो, शालेय पुस्तकं सोडून. युरोपात तो चांगला चालतो. गावच्या वाचनालयाचं पुस्तक आणून वाचून परत करणाऱ्या घरात तो शून्य दाखवतो. 'स्वतःची खोली आहे का?' हा प्रश्नही दोन खोल्यांच्या चाळीतल्या आणि वीस माणसांच्या वाड्यातल्या मुलाकडून एकच उत्तर काढतो. अशा ठिकाणी शौचालय, पाण्याचं अंतर, आईचं शिक्षण, कुटुंबातल्या कुणाला पगार आहे का, हे प्रश्न जास्त खरं बोलतात.

मोजमापाची कल्पना नेहमी पश्चिमेकडूनच यावी असंही नाही. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून चाललेली 'असर' पाहणी मुलाला शाळेत नाही, घरी भेटते. जिल्ह्यात 30 गावं, गावात 20 घरं, म्हणजे 600 घरं. चाचणी एका कागदाची: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. घरी गेल्यामुळे गैरहजर मूल, खाजगी शाळेतलं मूल आणि शाळा सोडलेलं मूल तिन्ही सापडतात; पिसामध्ये व्हिएतनामची जी मुलं निसटली तशी इथे निसटत नाहीत. 2009 पासून हीच पद्धत केनिया, टांझानिया आणि युगांडात 'उवेझो' नावाने गेली. किस्वाहिलीत त्याचा अर्थ क्षमता. तिथे केनियात चाचणी इंग्रजी आणि किस्वाहिलीत झाली, आणि घरी लुओ किंवा किकुयू बोलणाऱ्या मुलाच्या निकालाचा अर्थ लावताना तोच भाषेचा प्रश्न पुन्हा समोर आला. असरला स्वतःच्या मर्यादाही आहेत. ती मुख्यतः ग्रामीण भागाची, आणि फक्त पायाभूत वाचन-गणित पाहते. तिच्यावरून आठवीच्या विज्ञानाबद्दल बोलता येत नाही.

शेवटची गोष्ट संशोधक आणि शाळा यांच्यातल्या व्यवहाराची. मुलाची चाचणी घेण्याआधी पालकांची संमती त्यांच्या भाषेत, तोंडी समजावून घ्यायची. इंग्रजी फॉर्मवर अंगठा ही संमती नव्हे. स्थानिक शिक्षक किंवा विद्यार्थी माहिती गोळा करत असतील तर प्रश्न ठरवण्याच्या बैठकीतही ते हवेत, आणि प्रबंधावर किंवा लेखावर त्यांचं नावही. आणि निकाल छापायच्या आधी एका पानावर, मराठीत, मुलांची नावं न घालता, त्या त्या शाळेत परत न्यायचा. शिक्षक ते पान पाहून पाच मिनिटांत सांगतात की तिसरीचे गुण का घसरले: त्या वर्गाच्या बाई दोन महिने मतदारयादीच्या कामावर होत्या. मग तक्त्यात एक रकाना वाढवायचा, शिक्षक प्रत्यक्ष वर्गात होते ते दिवस, आणि तो उरलेल्या सतरा शाळांतही भरून आणायचा.